आंबेखोलचं पान

१

सन २०२३. ऑक्टोबरची दोन तारीख, सोमवार. पाऊस मुंबईतून जवळजवळ निघून गेला होता, ऊन चटके देत होतं आणि बौद्धांचा वर्षावास, विहारातल्या ग्रंथवाचनाचे तीन महिने, संपायला सव्वीस दिवस उरले होते.

जोगेश्वरी पूर्वेला, गुंफेच्या अलीकडे, एका सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर भीमराज खंडारे टेबलावर चादर अंथरून बसले होते. चादर यासाठी, की कागद घसरू नये. पंखा बंद. खिडकी बंद. पाठ घामाने भिजली तरी काम संपेपर्यंत पंखा लावायचा नाही, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नियम.

काम सांगायला सोपं. ढगात शिरलेल्या वैमानिकाला खालचं काही दिसत नाही. तो समोर कागद लावतो आणि कागद सांगेल तसा उतरतो. कुठल्या दिशेने यायचं, कुठे वळायचं, आणि धावपट्टी दिसली नाही तर कुठल्या उंचीच्या खाली एक फूटही जायचं नाही, हे सगळं एका पानावर असतं. पान वहीच्या अर्ध्या पानाएवढं, पातळ पण चिवट, कडेला सात भोकं. अशी हजारभर पानं सात कड्यांच्या जाड फाइलीत. कड्या उघडल्या की सातही एकदम उघडतात, खटाक.

पण पानं कायमची नसतात. कुठे टेकडीवर मनोरा उभा राहतो, कुठे धावपट्टी लांबते. म्हणून दर पंधरवड्याला पाकीट येतं. त्यात नवी पानं आणि एक यादी. हे काढा, हे घाला. एक काढलं की एक घालायचं, यादीवर टिक करायची आणि शेवटी फाइलीच्या पहिल्या पानावर तारीख टाकून सही.

हे काम वैमानिकाचं. पण तीन तास खाली मान घालून पानं बदलणं कुठल्याच वैमानिकाला आवडत नाही. म्हणून जुहूच्या विमानतळावर एका छोट्या कंपनीत सामान चढवायला लागलेल्या, चौथी पास भीमराजांकडे ते आलं, आणि त्यांच्याकडेच राहिलं. ते निवृत्त झाले तरी फाइली त्यांच्या घरी येत. एकतीस वर्षांत एक पान चुकलं नाही, असं ते सांगत. लोकही सांगत.

काढलेली पानं फाडून टाकायची, असा नियम होता. तेवढा एक नियम ते पाळत नसत. चांगला कागद का फाडायचा? स्वयंपाकघरातल्या मांडणीच्या प्रत्येक फळीवर त्यांनी जुनी पानं अंथरली होती. सोनूबाईंच्या डब्यांखाली अर्ध्या देशाचे विमानतळ होते.

"आबा, पंखा तरी लावा. उकडून मराल," संघमित्रा म्हणाली.

संघमित्रा त्यांची नात. वय पंचवीस. आईबाप घाटकोपरला, ही आजीआजोबांकडे राहायची, कारण इथून जुहू जवळ. सरकारी शिष्यवृत्तीवर विमान शिकली आणि जूनपासून त्याच कंपनीत सहवैमानिक होती. ज्या विमानात आजोबांनी बॅगा चढवल्या, ते ती उडवायची. भीमराज हे बाहेर कुणाला सांगत नसत. समोरचा आपणहून विचारेल असं मात्र बघत.

"कागद उडाला तर तू धरणार?"

"अख्ख्या जगाने टॅब्लेट घेतले. आपल्याला परवानगी मिळू दे, तुमची नोकरी गेलीच बघा."

"नोकरी सात वर्षांपूर्वीच गेली. हे मी तुझ्यासाठी करतोय."

"मग पगार म्हणून चहा करते." ती आत वळली आणि आतूनच म्हणाली, "गुरुवारी आंबेखोल आहे आम्हाला. पाकिटात पान असेल बघा नवीन."

भीमराजांचा हात थांबला.

"आंबेखोल बंद आहे."

"होतं. चौदा वर्षं. आता परत उघडलं. पहिलंच विमान आमचं."

२

पाकिटात पान होतं, वर गाव आणि पानाचा क्रमांक. आंबेखोल, अकरा-एक. सगळ्यात खालची उंची दोन हजार चारशे दहा फूट. भीमराजांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे आणि गावांची नावं ते झोपेतही ओळखत.

त्यांनी यादी पाहिली. बंद पडलेलं ठिकाण परत उघडलं, म्हणजे फाइलीत त्याचं जुनं पान असायचं कारण नाही. 'घाला' खाली एक हवं आणि 'काढा' खाली रेघ. पण यादीत 'काढा' खालीही एक होतं.

छापताना चुकलं असेल. छापणारेही माणसंच. ही फाइल तर जूनमध्ये नवी करकरीत आलेली, संघमित्राच्या विमानासाठी. प्रत्येक विमानाला एकच फाइल, आणि हिच्यातलं प्रत्येक पान त्यांच्या हाताखालून गेलेलं.

तरी त्यांनी कड्या उघडल्या. बघायचं ते बघायचंच.

पान होतं.

आंबेखोल, अकरा-एक. कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख, २००७ सालची. सगळ्यात खालची उंची एक हजार नऊशे. कागद जुना, किंचित ओलसर, भोकांपाशी फाटायला आलेला. आणि वर उजव्या हाताला लाल बॉलपेनची एक टिक, शेपूट लांब ओढलेली.

ती टिक भीमराजांनी शेकडो पानांवर पाहिली होती. कॅप्टन अनंत यांची. उतरण्याआधी ज्या पानाचा उपयोग करायचा, त्यावर ते एकदाच अशी टिक करत. हसून म्हणत, "भीमराजचं पान वाचलं, आता देवाची गरज नाही."

हे पान ऑगस्ट २००९ मध्ये त्या साहेबांबरोबर आंबेखोलच्या टेकडीवर जळालं होतं. तसं पंचनाम्यात लिहिलं होतं.

"आबा, चहा."

"ठेव तिथे."

"काय झालं? चेहरा बघा."

"काही नाही. उकडतंय."

"मग लावा ना पंखा," ती म्हणाली आणि हसत निघून गेली.

३

त्या विमानात दोघं होते. कॅप्टन अनंत आणि एक सहवैमानिक. पहाटे ढग खाली आला होता. साहेब कागद बघून उतरत गेले. त्या वर्षी टेकडीवर एक नवा मनोरा उभा राहिला होता आणि त्यासाठी पान बदललं होतं. नवं पान सांगत होतं, दोन हजार दोनशे चाळीसच्या खाली जाऊ नका. साहेब एकोणीसशेपर्यंत गेले.

चौकशीला भीमराजांना बोलावलं. फाइलीच्या पहिल्या पानाची नक्कल कंपनीत होती. त्यावर तारीख होती, सही होती.

"नवं पान तुम्ही घातलं होतं?"

"घातलं होतं."

"मग तिथे अर्धवट जळालेलं जुनं पान कसं सापडलं?"

"साहेबांना जुन्या पानावर खुणा करायची सवय होती. त्यांनी जुनं परत लावलं असेल."

तेवढंच ते बोलले. अहवालात आलं, वैमानिकाचा दोष. पुढे विमा अडला, पुढे शेजारपाजार बोलला. साहेबांची बायको कल्पिताबाई अंधेरीचं घर विकून बोरीवलीला दोन खोल्यांत गेली. मुलगा अनिरुद्ध तेव्हा बारावीला होता. त्याला वैमानिक व्हायचं होतं. ते राहिलं. तो त्याच कंपनीत कारकून लागला, आणि आता विमानांच्या वेळा नि रेडिओ तोच सांभाळत होता.

भीमराजांनी ते जुनं पान टेबलावर उलटं ठेवलं. मग सुलटं केलं. टिक तिथेच होती.

माणसाचं डोकं म्हातारपणी खेळ करतं, हे त्यांना ठाऊक होतं. जूनमध्ये फाइल भरताना कंपनीच्या जुन्या कपाटातलं एखादं पान आत गेलं असेल. लाल टिक काय, कुणीही करतं.

त्यांनी पान उभं फाडलं, मग आडवं फाडलं. एकतीस वर्षांत फाडलेलं पहिलंच पान. चार तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. नवं पान फाइलीत घातलं, दोनदा वाचलं, चोवीसशे दहा, चोवीसशे दहा. यादीवर निळ्या पेन्सिलीने टिक केली. पहिल्या पानावर तारीख घातली, सही केली.

मग पंखा लावला.

४

मंगळवारी दुपारी ते पडले होते. सोनूबाई तांदूळ निवडत होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. फाइल लोखंडी कपाटात होती.

खटाक.

"अहो," सोनूबाई म्हणाल्या, "झोपायचं सोडून परत फाइल कशाला काढलीत?"

भीमराज पलंगावर उठून बसले. सोनूबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग बंद कपाटाकडे.

"तुम्ही इथे आहात होय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं कड्या वाजल्या."

"शेजारी काहीतरी पडलं असेल."

"तीस वर्षं ऐकतेय तो आवाज. शेजारचा नव्हता." आणि त्या परत तांदळाकडे वळल्या. भूतखेत असल्या गोष्टी त्या मानत नसत. घरात कुणीच मानत नव्हतं, बाबासाहेबांच्या लोकांनी मानायचं कशाला.

भीमराजांनी कपाट उघडलं. फाइल जागच्या जागी होती, कड्या मिटलेल्या. त्यांनी आंबेखोल काढलं.

एक हजार नऊशे. लाल टिक. पान अखंड होतं. कुठे फाटल्याची खूण नाही, नुसता ओलसरपणा थोडा वाढलेला.

ते स्वयंपाकघरात गेले आणि कचऱ्याचा डबा जमिनीवर पालथा केला. कांद्याच्या सालांत चार तुकडे होते. त्यांनी ते फरशीवर जोडले. दोन हजार चारशे दहा. कालचं नवं पान, त्यांनी स्वतःच्या हाताने फाडलेलं.

"काय हो हे? आत्ताच लादी पुसली मी."

"गप बस जरा."

म्हणजे हाताने चूक केली. नवं फाडलं, जुनं ठेवलं. डोळ्यांनी चोवीसशे दहा वाचलं ते फाडायच्या आधी, नंतर नाही. असंच असणार. अडुसष्ट वर्षांचा माणूस, उकाडा, बंद पंखा. चूक म्हटली की सगळं जमत होतं. फक्त एकच जमत नव्हतं. चूक भीमराजांकडून होत नसे.

नवीन पान हवं होतं. ते कंपनीतल्या मूळ संचात मिळालं असतं. मागायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्याकडून पान फाटलं, दुसरं दे.

त्यांनी शर्ट घातला आणि रिक्षा केली.

अनिरुद्ध हँगरच्या कोपऱ्यातल्या खोलीत रेडिओसमोर बसला होता. एकतीस वर्षांचा, पण कानावरचे केस पांढरे झालेले.

"काका, एवढ्या उन्हात? फोन करायचा ना, माणूस पाठवला असता."

"मूळ संच बघायचाय. जुळवून घेतो एकदा."

"तुम्ही जुळवणार? इथली पोरं जुळवत नाहीत आणि तुम्ही एवढ्या लांबून आलात." त्याने कपाटाची किल्ली दिली. "गुरुवारी आंबेखोलला चाललीय ना मित्रा. मला जरा कसंतरीच वाटतंय, खरं सांगतो."

भीमराज पानं चाळत होते.

"आई गेली ना श्रावणात," अनिरुद्ध म्हणाला. "शेवटपर्यंत एकच म्हणायची. तुझे बाबा लावलेलं पान काढणार नाहीत. मी म्हणायचो, अगं, भीमराजकाका खोटं कशाला बोलतील? त्यांच्या हाताला चूक माहीत नाही."

"हं."

"चहा मागवू?"

"नको."

आंबेखोलचं पान भीमराजांनी शर्टाच्या आत सरकवलं होतं. संचातली जागा रिकामी राहिली. गुरुवारनंतर परत आणून ठेवू, असं त्यांनी ठरवलं. किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाले.

५

खरं काय झालं होतं, ते भीमराजांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

२००९ च्या त्या ऑगस्टात हवा इतकी दमट होती की पानाला पान चिकटत होतं. सकाळी त्यांनी साहेबांची फाइल भरली, सही केली, पोचवली. तेव्हा साहेब हँगरमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "भीमराज ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी मी विमान सोडेन." लोक हसले. भीमराज हसले नाहीत. मान मात्र ताठ झाली.

संध्याकाळी सहाला ते घरी यादी घडी करून ठेवत होते. यादीच्या मागे एक पान चिकटलेलं निघालं. आंबेखोल, दोन हजार दोनशे चाळीस. नवं. म्हणजे फाइलीत जुनंच राहिलं होतं.

साहेबांचं घर अंधेरीला, रिक्षाने वीस मिनिटं. विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचं. जायचं, बेल वाजवायची, पान द्यायचं आणि म्हणायचं, चुकलं. सकाळी सगळ्यांसमोर जे ऐकलं, त्यानंतर संध्याकाळी हे म्हणायचं.

ते चपला घालून दारापर्यंत गेले. मग परत येऊन खिडकीत उभे राहिले. त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. घर रिकामं होतं, सोनूबाई विहारात ग्रंथवाचन ऐकायला गेल्या होत्या. रिकाम्या घरात भीमराज स्वतःशीच मोठ्याने बोलले,

"आभाळ मोकळं आहे. लागणार नाही हे पान. आले की घालीन."

आणि ते पान त्यांनी मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर, अंथरलेल्या कागदांच्या खाली सरकवलं. वर तुरडाळीचा डबा ठेवला. पुढे घर बदललं, जुनी चाळ पाडून इमारत झाली. मांडणी तीच आली. फळीवरचे कागद दर वर्षी त्यांनीच बदलले. सगळ्यात खालचा कागद कधी हलवला नाही.

आता, बुधवारी, कंपनीतून आणलेलं पान पुढे धरून त्यांनी सोनूबाईंना समोर बसवलं.

"आकडा वाच."

"मला कुठे येतं वाचायला?"

"आकडे येतात तुला. दूधवाल्याचे वाचतेस. वाच."

"दोन, चार, एक, शून्य."

"नीट बघ. मी घालतोय. कड्या लावल्या. बघितलंस?"

"बघितलं. पण आज हे काय नवीन?"

जुनं, लाल टिकेचं पान त्यांनी गॅसवर धरलं. ओलसर होतं, धरायला वेळ लागला. राख मोरीत सोडून वर बादलीभर पाणी ओतलं. फाइलीला दोन्ही बाजूंनी सुतळी बांधली, कपाटात ठेवली आणि किल्ली गळ्यात घातली, जानव्यासारखी, असं सोनूबाई नंतर थट्टेने म्हणाल्या. भीमराज त्यावर चिडलेसुद्धा नाहीत.

रात्रभर आवाज झाला नाही. त्यांना शांत झोप लागली.

६

गुरुवारी पहाटे साडेपाचला संघमित्राने गणवेश चढवला. भीमराजांनी सुतळी सोडली, पण फाइल उघडली नाही. उघडायची गरज नव्हती. उघडली असती तर स्वतःवर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

"आबा, आज तुम्ही दारापर्यंत? स्वारी खुशीत आहे."

"ढग असेल का गं तिकडे?"

"सकाळी असतो. डोंगर आहे. नऊ-साडेनऊपर्यंत खिंडीत बसून राहतो, मग उठतो. म्हणून तर तुमचं पान." तिने फाइल थोपटली. "श्यामसुंदर सर चालवणार, मी पान वाचून उंची सांगणार. त्यांच्यावर ओरडायची एवढी एकच संधी मिळते."

"मोठ्याने ओरड."

"आजी, येते गं."

साडेआठला विमान सुटायचं होतं आणि नऊ वीसला पोचायचं होतं. भीमराजांनी अंघोळ केली, बुद्धवंदना म्हटली, खिडकीत बसले. जोगेश्वरीवर आभाळ निळं होतं.

नऊ वाजता सोनूबाई तुरडाळीचा डबा काढायला स्टुलावर चढल्या.

"अहो, हा कागद डब्याला चिकटून आला बघा. ओला कशाने झाला? वर नळ नाही, काही नाही."

त्यांनी तो टेबलावर टाकला.

आंबेखोल, अकरा-एक. कोपऱ्यात कालच वाचलेली तारीख, या महिन्याची. दोन, चार, एक, शून्य. भोकांपाशी सुतळीचा एक धागा अडकलेला.

भीमराज स्टुलावर चढले. वरच्या फळीवरचे सगळे कागद त्यांनी ओरबाडून खाली ओढले. चौदा वर्षं जे पान तिथे होतं, ते नव्हतं. फळीचा नुसता पत्रा होता. त्यावर जळक्या कागदाचा वास होता, जुना, पावसात भिजलेला.

एक घातलं की एक काढायचं. मग फाइलीत तेच लाल टिकेचं, एकोणीसशेचं पान होतं, हे कळायला त्यांना ती उघडून बघायची गरज नव्हती.

भिंतीवर नऊ वाजून तीन मिनिटं झाली होती.

फोन खिशातच होता. ते खुर्चीवर बसले. काय म्हणायचं, याची जुळवाजुळव करू लागले. पाकिटातच चुकीचं पान आलं, असं म्हणता येईल का? मूळ संच बघितला तर तिथली जागा रिकामी दिसेल. फाइल पोरीने परत उघडली असेल, असं म्हणता येईल का?

हे दुसरं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. पण आलं होतं.

सोनूबाई डाळ धुऊन आल्या. "कुणाला फोन लावताय? कधीचा हातात धरलाय तो."

घड्याळात नऊ अकरा झाले होते.

७

"अनिरुद्ध, भीमराज बोलतोय."

"बोला काका. मित्रा गेली हं वेळेवर. साडेआठला बरोबर."

"तिच्या फाइलीत आंबेखोलचं पान चुकीचं आहे. रेडिओवर सांग तिला. एकोणीसशे नाही. चोवीसशे दहा. त्याच्या खाली जाऊ नका म्हणावं."

"चुकीचं? परवा तर तुम्ही स्वतः जुळवून गेलात."

"आधी सांग तिला."

"सांगतो. रेडिओ हातातच आहे माझ्या." मग तो म्हणाला, "पण काका, एकोणीसशेचं पान आता कुठून येईल? ते तर बाबांच्या वेळचं."

"आधी तिला सांग, मग विचार."

"आधी तुम्ही सांगा."

आवाज चढला नव्हता. अनिरुद्ध नेहमी बोलायचा तसाच होता, मऊ, थोडा थकलेला. भीमराजांनी घड्याळ पाहिलं. नऊ तेरा.

मग त्यांनी सांगितलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा, बायको समोर उभी असताना. पान यादीला चिकटलं होतं. फाइलीत जुनंच राहिलं. साहेबांनी काही काढलं नव्हतं. साहेबांचा दोष नव्हता. चूक माझी.

"कळलं कधी तुम्हाला?"

"त्याच दिवशी."

"विमान पडल्यावर?"

खोटं बोलायला जागा होती. अनिरुद्धनेच ती करून दिली होती.

"नाही," भीमराज म्हणाले. "आदल्या संध्याकाळी. सहा वाजता."

पलीकडची रेडिओची खरखर थांबली. सोनूबाईंनी हातातली डाळीची पातेली ओट्यावर ठेवली.

"अनिरुद्ध, पोर आहे रे वर. सांग तिला. तुझ्या पाया पडतो."

हे शब्द त्यांनी आयुष्यात कुणासाठी वापरले नव्हते.

फोनच्या आत, जवळच, सात कड्या उघडल्या. खटाक.

मग अनिरुद्धचाच आवाज आला, अगदी सावकाश, एखाद्याने समोर लिहिलेलं वाचावं तसा.

"आभाळ मोकळं आहे. लागणार नाही ते पान. आली की घाला."

भीमराज फोन कानाला लावून बसून राहिले. फोन तुटला नव्हता. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं.

"काय म्हणाला?" सोनूबाईंनी विचारलं.

"आभाळ मोकळं आहे म्हणाला."

समोर सोमवारची यादी होती. आंबेखोलच्या ओळीवर त्यांची निळी टिक होती. तिच्या शेजारी आता दुसरी होती, लाल, लांब शेपटाची. शाई ओली होती.

नऊ वीस झाले.

एका पानाचं देणं होतं. ते फिटलं.